पहिल्या बुडीचे गाव

भीमेकाठच्या माणसाला पाण्यात डोळे उघडण्याची सवय नसते. उघडून दिसणार काय? कोरेगाव भीमाच्या पुलाखालचे पाणी पावसाळ्यात मातकट आणि उन्हाळ्यात शेवाळी. पाठीला पत्र्याचा डबा बांधून आम्ही मुलगे त्या पाण्यात पोहायला शिकलो. दम कोंडून तळाची मूठभर माती जो वर आणील तो पाणबुड्या, एवढी सोपी व्याख्या होती. मुलींना नदीवर पाठवण्याची रीत नव्हती. त्यामुळे माझी धाकटी बहीण पोहायला शिकली ती थेट पस्तिशीत, पुण्याच्या तरणतलावात, बादलीसारख्या स्वच्छ पाण्यात.

आता आम्हा दोघांकडे स्कूबा डायव्हिंगचे पहिल्या पायरीचे प्रमाणपत्र आहे. सोबत्यासह १८ मीटरपर्यंत खोल जाण्याची मुभा ते देते. त्यासाठीच्या समुद्रातल्या चार बुड्या गोव्यात झाल्या. पण परीक्षेच्या हॉलमध्ये वाचलेली कविता जशी कविता राहत नाही, तसा तो समुद्र नव्हता. ती प्रश्नपत्रिका होती. चौथ्या बुडीत बहिणीच्या मुखवट्यात पाणी शिरले आणि क्षणभर ती वर झेपावण्याच्या बेतात होती. प्रशिक्षकाने तिचा दंड धरला, तिने नाकाने हवा सोडून पाणी बाहेर काढले आणि ती उत्तीर्ण झाली. तेव्हापासून ‘पहिली खरी सहल कुठे?’ हा आमच्या घरात हौसेचा प्रश्न राहिलेला नाही. ही सहल फसली तर तिचे प्रमाणपत्र कपाटात जाणार, हे दोघांनाही ठाऊक आहे.

ज्याला विचारावे तो अंदमान म्हणतो. अर्थात त्यात चूक नाही. हॅवलॉक बेटाचे नाव २०१८ पासून स्वराज द्वीप झाले, पण डायव्हिंगवाल्यांच्या तोंडी जुनेच आहे. तिथे किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरता येईल असे उथळ प्रवाळ आहेत आणि चांगल्या दिवशी वीस मीटरपलीकडचे दिसते. ज्या मराठी वाचकाने ‘माझी जन्मठेप’मधून अंदमान ओळखले, त्याने तिथे आनंदासाठी बुडी मारायला जावे यात काळाची गंमत आहेच. लक्षद्वीपही आहेच, पण तिथे परवाना लागतो. मुर्डेश्वरजवळचे नेत्राणी बेट आम्हाला सोयीचे. मात्र तिथे होडीतून खुल्या समुद्रात बराच वेळ जावे लागते आणि बहिणीला बोट लागते.

राहिले मालवण. त्याचे नाव काढले की जाणकार नाक मुरडतात. पाणी गढूळ, म्हणतात. दृश्यता कधी सात-आठ मीटर, कधी तीनच. शिवाय सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर बहुतेक गर्दी ‘अनुभव’ घेणाऱ्यांची; हात धरून पंधरा मिनिटे खाली नेतात, छायाचित्र काढतात, वर आणतात. प्रमाणपत्रधारकालाही त्याच रांगेत ढकलले जाण्याचा धोका आहे आणि तो मी कमी लेखत नाही.

तरीही माझे मत मालवणच्या बाजूने झुकत गेले. कारण स्वतःच्या शरीराचा हिशेब मांडून पाहिला.

नदीत मिळवलेले माझे एकमेव कौशल्य, दम कोंडणे, हे स्कूबामध्ये सर्वांत मोठे पाप आहे. दहा मीटरवर पाण्याचा आणि हवेचा मिळून दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छाती भरून घेतलेली हवा श्वास रोखून वर आणली तर ती दुप्पट जागा मागते आणि फुफ्फुस फाटू शकते. म्हणून पहिला नियम: श्वास कधीही थांबवायचा नाही. जिला नदी मिळाली नाही त्या बहिणीला हा नियम सहज पटला. मला मात्र अजून मनातल्या मनात तो घोकावा लागतो. उलट गढूळपणाची मला भीती नाही आणि तिला आहे. म्हणजे दोघांनी एकमेकांचा सोबती व्हायचे, तर दोघांचे लक्ष आधीच अर्धे खर्ची पडलेले. उरलेल्या अर्ध्यात अंदमान कितीसे मावणार?

दुसरी गोष्ट तरंगण्याची. प्रशिक्षक सांगत, वरही जाऊ नका, तळालाही टेकू नका. मराठीत या अवस्थेला ‘अधांतरी’ म्हणतात, आणि आपल्या बोलण्यात हा शब्द जवळजवळ नेहमी दुर्दशेचा असतो. नोकरी अधांतरी, लग्न अधांतरी. पाण्याखाली तीच सिद्धी आहे, आणि ती आम्हाला अजून साधलेली नाही. आमचे पाय तळाला लागतात, वाळू उडते. वाळू उडाली तर बिघडत नाही. ती पुन्हा बसते. पण दगडासारखे घट्ट प्रवाळ वर्षाला एखाद सेंटिमीटरच्या हिशेबाने वाढतात, आणि २०२४ च्या उष्ण समुद्राने लक्षद्वीपपर्यंत त्यांचे रंग उडवले. अशा वेळी शिकाऊ पायांनी सर्वांत सुंदर जागी प्रथम जाणे मला असभ्य वाटते. (मालवणच्या पाण्यातही प्रवाळ आहेत, १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे, म्हणून वाळूच्या तळावर सराव करून देणारी संस्थाच शोधायची.) पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला पहिल्याच तासाला मर्ढेकर द्यावेत की नाहीत, यावर आमच्या विभागात अजून भांडण होते. मी ‘द्यावेत’ या पक्षाचा आहे. पण मर्ढेकरांना कोणी लाथ मारली तरी ते तुटत नाहीत.

स्वच्छ पाण्याचा आणखी एक फसवेपणा आहे. तळ स्पष्ट दिसत असला की तो जवळ वाटतो, आणि नवशिका ठरल्यापेक्षा खोल उतरतो. गढूळ पाणी निदान तुमच्याशी खोटे बोलत नाही. ते तुम्हाला सोबत्याच्या हाताच्या अंतरावर ठेवते.

भाषेचा मुद्दा बहिणीने काढला. पाण्याखाली भाषा नाही, फक्त खुणा; आणि त्याही आपल्या नव्हेत. अंगठा वर केला तर ‘छान’ नव्हे, ‘आता वर चला’. ‘ठीक’ म्हणायला अंगठा आणि तर्जनीचे वर्तुळ करायचे. चिन्ह आणि अर्थ यांच्या नात्याविषयी वर्गात बोलणाऱ्याला ही चूक किती महाग पडेल हे वेगळे सांगायला नको. पण बहिणीचा मुद्दा पाण्यावरचा होता. “दादा, होडीत बसल्यावर मला भीती वाटली तर ती मराठीतच सांगता येईल ना?” मालवणात येईल. समोरचा मालवणीत चिडवेलही, पण समजून घेईल.

तारखांनी आमचे पर्याय आणखी कापले. नाताळ ते नववर्ष हा जगाच्या सहलींचा आठवडा आमच्या गावाला उपलब्ध नसतो. १८१८ च्या लढाईच्या स्मृतिदिनी, १ जानेवारीला, जयस्तंभाला मानवंदना द्यायला लाखो लोक येतात. वाहतूक वळवलेली असते आणि आमच्या घरी पाहुणे असतात. त्या दिवशी गाव सोडणे आम्हाला जमणारे नाही. पावसाळ्यात मालवणचे डायव्हिंग बंद, ऑक्टोबरात पाणी अजून ढवळलेले. म्हणजे नोव्हेंबरचा शेवट.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. डायव्हिंगनंतर लगेच विमानात बसू नये, अनेक बुड्या झाल्या असतील तर किमान १८ तास थांबावे, हे सर्वांना पाठ असते. शरीरात विरघळलेला नायट्रोजन दाब घटल्यावर बुडबुडे धरू शकतो. पण मालवणहून कोरेगावला यायचे म्हणजे सह्याद्री चढायचा. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे. सकाळी बुडी आणि संध्याकाळी घाट, हे शहाणपणाचे नाही. म्हणून शेवटचा दिवस कोरडा ठेवायचा, जेवायचे, किल्ला पाहायचा.

दोन ठिकाणी फोन केले. किती मीटर दिसते, हे विचारले नाही. एका प्रशिक्षकामागे किती नवशिके, आणि मध्येच वर यावेसे वाटले तर काय करता, एवढेच विचारले. पहिल्याने पैसे परत मिळणार नाहीत असे सांगितले. दुसरा म्हणाला, वर यायचे, चहा घ्यायचा, जमले तर पुन्हा उतरायचे. दुसऱ्याकडे नावे नोंदवली आहेत: दोन दिवस पाण्यात, तिसरा कोरडा. अंदमानसाठी बहिणीने पोस्टात आवर्ती ठेव उघडली आहे, पाच वर्षांची.