बैठक

मराठीत ‘बैठक’ या शब्दाइतका अष्टपैलू शब्द क्वचितच सापडेल. घराचे दर्शनी दालन ती बैठक. कचेरीत अधिकारी जमतात तीही बैठक. गवयाची बैठक, विचाराची बैठक, आणि एखाद्या मुलाची ‘अभ्यासाला बैठक चांगली आहे’ असे आपण कौतुकाने म्हणतो, ती आणखी निराळी. परंतु याच शब्दाचा एक अर्थ असा आहे की ज्यात बसणे हे निमित्तमात्र असून उठणे महत्त्वाचे असते. जोर-बैठकांतील बैठक ती हीच. शंभर वेळा बसायचे ते शंभर वेळा उठण्यासाठी. आमच्या पिढीला हा अर्थ कोणी समजावून सांगितला नव्हता, कारण त्याची गरजच नव्हती. आमच्या नातवंडांना तो शब्दकोशात पाहावा लागेल.

बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ही गोष्ट अधिक बोचली पाहिजे. जुम्मादादांनी येथे तालीम उभी केली आणि त्यांचे शिष्य राजरत्न प्रा. माणिकराव यांनी तिचा लौकिक दूरवर नेला. हिंदविजय जिमखान्याने १९२३ साली येथे हुतूतूची अखिल भारतीय स्पर्धा भरविली. द. चिं. मुजुमदार यांनी संपादिलेला ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत मराठीतून निघाला, तोही याच नगरीतून. सुरसागराच्या परिसरात वाढलेल्या आमच्यापैकी बहुतेकांच्या घरात मुद्गलाची एखादी जोडी माळ्यावर पडलेली असेलच. पूर्वजांची तैलचित्रे आपण बैठकीत लावली, मुद्गल मात्र माळ्यावर टाकले.

हे सारे आठवायला कारण घडले ते माझी नात. ती यंदा दहावीत आहे. खो-खो उत्तम खेळते. खांब देऊन वळण घेताना तिचा वेग पाहावा! जून महिन्यात घरात निर्णय झाला की खेळ वर्षभर बंद. चिरंजीवांचे म्हणणे सरळ होते. “नाना, एका वर्षाचा तर प्रश्न आहे. परीक्षा झाली की खेळू दे हवे तेवढे.” सूनबाईंची काळजी वेगळी होती. मैदान लांब, संध्याकाळची रहदारी आणि परतताना होणारा अंधार. दोघांचेही म्हणणे खोटे नव्हते. नात काही बोलली नाही. तिने बूट धुऊन, वाळवून खोक्यात ठेवले. तिचे ते न बोलणेच मला अस्वस्थ करून गेले.

चौतीस वर्षे राज्य सरकारच्या नोकरीत काढल्यामुळे कोणताही प्रश्न आला की कागदावर हिशेब मांडण्याची मला सवय आहे. मी तिच्या दिवसाचा जमाखर्च मांडला. शाळेत बाकावर साडेपाच तास, क्लासमध्ये तीन, घरी अभ्यास दोन, रिक्षा आणि आईच्या स्कूटरवर मिळून एक, जेवणखाण एक, मोबाइल आणि दूरदर्शन दोन. एकूण साडेचौदा तास बसून. झोप साडेसात तास. उरले दोन तास, आणि त्यांत स्नान, कपडे, वेणीफणी. शाळेच्या वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाचा तास होता, पण दहावीच्या वर्गाला त्या तासाला गणित शिकविले जात होते. हा कागद मी चिरंजीवांपुढे ठेवला तेव्हा ते बराच वेळ पाहत राहिले. आकडे चुकले आहेत असे मात्र म्हणाले नाहीत.

बसण्याने होते तरी काय, असा प्रश्न कोणीही विचारील. याचे एक जुने आणि उद्बोधक उत्तर लंडनमधून आले आहे. १९५३ साली जेरी मॉरिस या वैद्यकशास्त्रज्ञाने तेथील दुमजली बसच्या चालकांची आणि वाहकांची तुलना प्रसिद्ध केली. दोघांची बस तीच, रस्ते तेच. चालक दिवसभर बसलेला आणि वाहक दिवसभर जिना चढत-उतरत असलेला. हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा वाहकांमध्ये कमी आढळले. त्या वाहकांना कोणी व्यायाम करा म्हणून सांगितले नव्हते, त्यांचे कामच त्यांना बसू देत नव्हते.

कारण समजण्यास कठीण नाही. मांड्यांचे स्नायू शरीरातील सर्वांत मोठ्या स्नायूंपैकी. ते आकुंचन पावतात तेव्हा रक्तातील साखर ओढून घेतात, आणि आपण तासन्‌तास बसतो तेव्हा ते जवळजवळ रजेवर जातात. मुलांच्या बाबतीत हाडांचाही प्रश्न असतो. हाडांचा बळकटपणा बहुतांशी कुमारवयात आणि त्यानंतरच्या थोड्याच वर्षांत साठतो. धावणे, उड्या मारणे यांचा भार पडला तर तो अधिक साठतो. आम्हा निवृत्तांना समजेल अशा भाषेत सांगायचे तर हा भविष्य निर्वाह निधी आहे. वर्गणी भरण्याची मुदत तारुण्यातच संपते आणि पुढे आयुष्यभर केवळ काढणे चालू राहते. स्त्रियांचे तर चाळिशी-पन्नाशीनंतर हे काढणे वेगाने होते. तेव्हा “परीक्षा झाल्यावर पाहू” हे म्हणणे अभ्यासाच्या दृष्टीने योग्य असेल, पण दहावीनंतर अकरावी-बारावी आहे, प्रवेश परीक्षा आहेत, आणि हाडे परीक्षेसाठी थांबत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी साठ मिनिटे तरी दम लागेल अशी हालचाल करावी, आणि त्यांत आठवड्यातून तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे प्रकार असावेत. त्याखेरीज बसण्याचा वेळ, विशेषतः करमणुकीसाठी पडद्यासमोर बसण्याचा वेळ, कमी करावा असे निराळे सांगितले आहे. ही दोन वेगळी कलमे आहेत. सकाळी तासभर घाम गाळून उरलेला दिवस खुर्चीला खिळून काढला तर दुसरे कलम मोडतेच. याच संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांची माहिती एकत्र करून २०१९ मध्ये दाखवून दिले की २०१६ साली अकरा ते सतरा वयाच्या शंभरांपैकी एक्याऐंशी मुलांना हा एक तासही मिळत नव्हता. मुलग्यांत हे प्रमाण अठ्ठ्याहत्तर, तर मुलींत पंच्याऐंशी होते. घरातून खेळ प्रथम कोणाचा सुटतो, हे या दोन आकड्यांतील अंतर सांगते.

सर्व दोष मोबाइलच्या माथी मारून मोकळे होणे मला पटत नाही. नवरात्रात हीच मुले नऊ रात्री तासन्‌तास गरबा खेळतात आणि दमत नाहीत. त्या नऊ दिवसांत मैदान असते, दिवे असतात, सोबत असते, आणि मुख्य म्हणजे मोठ्यांची संमती असते. उरलेल्या वर्षात सोसायटीच्या मोकळ्या जागेत गाड्या उभ्या असतात आणि चेंडू काचेला लागला की तक्रार येते. मुले आळशी झाली असे म्हणण्यापूर्वी आपण त्यांची उठण्याची जागा घेतली आहे, हे मान्य करावे.

घरात चर्चा दोन आठवडे चालली. सूनबाईंनी शेवटी व्यवहार्य तोड काढली. आठवड्यातून तीन संध्याकाळी मैदान, न्यायचे-आणायचे काम माझे. इतर दिवशी जवळच्या क्लासला मैत्रिणीबरोबर पायी जायचे. पूर्वपरीक्षेच्या काळात खेळ बंद, चालणे चालू. अभ्यास करताना दर पाऊण तासाने उठायचे, आणि उठल्यावर मोबाइल घ्यायचा नाही, तुळशीला पाणी घालायचे किंवा कपडे घड्या घालायचे. घरकाम हे मुलींनीच करावे असा याचा अर्थ नव्हे. तिच्या धाकट्या भावालाही तोच नियम लागू झाला, आणि त्याबद्दल त्याची नाराजी अजून कायम आहे.

मार्चमध्ये परीक्षा आहे. गुण कमी पडले तर त्याचे खापर खो-खोवर, म्हणजेच माझ्यावर फुटेल, याची मला कल्पना आहे. ती जोखीम मी समजून घेतली आहे, कारण दुसऱ्या बाजूची जोखीम गुणपत्रिकेत दिसत नाही. ती पंचवीस-तीस वर्षांनी रक्ताच्या तपासणीत दिसते, आणि तेव्हा जाब विचारायला आम्ही आजोबा शिल्लक नसतो.

आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी यंदा दहावी-बारावीचे मूल असेल. त्या मुलाच्या दिवसाचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा, आणि मगच एक तास परवडत नाही असे म्हणावे. सोबतीला माणूस नाही ही अडचण असेल, तर आपल्या समाजात निवृत्त माणसांची वाण नाही. मैदानाच्या कट्ट्यावर थांबायला जाताना आपलेही चालणे होते.