शेजारच्या घरचा वसंतसंपात

सन २०२२ चा हिवाळा सुरू झाला तेव्हां आमच्या शेजारीणबाईंनीं आमच्याकडे एक चमत्कारिक मागणें केलें. "तुमच्या घरीं कांदा पुष्कळ लागतो. त्याच्या वरच्या साली टाकूं नका, मला द्या," असें त्या म्हणाल्या. ब्रिस्टल शहरांतील आमचीं घरें भिंतीला भिंत लागून आहेत. आमच्या फोडणीचा वास त्यांच्या घरीं जातो हें आम्हांला ठाऊक होतें. या मागण्यांत एखादा टोमणा तर नसेल ना, अशी शंका येऊन आम्ही थोडेसे वरमलोंहि. पण बाई मनाच्या सरळ. वय सत्तरीच्या पुढें, सारा जन्म इस्पितळांत परिचारिकेचें काम करण्यांत गेलेला, यजमान वारलेले. आमची नऊ वर्षांची कन्या दर शनिवारीं सालींची पिशवी त्यांच्या दारीं पोंचवूं लागली, आणि साली कशाला हव्यात हें विचारण्याचें राहूनच गेलें.

मध्यंतरीं, पौषांत, पुण्याला आमची आई गेली. निरोप मिळतांच आम्ही निघालों, पण पोंचलों तेव्हां सर्व आटोपलें होतें. दिवस करून परत आलों ते मनांत एक खडा घेऊनच. वर्षभर सण करावयाचा नाहीं हा आमच्याकडील शिरस्ता; त्याप्रमाणें यंदां गुढी उभारावयाची नाहीं असें ठरलें. पाडवा २२ मार्चला येत होता. आणि त्याच्या आठ दिवस आधीं बाई दारांत येऊन म्हणाल्या, "येत्या सोमवारीं रात्रीं नऊ वाजून चोवीस मिनिटांनीं सूर्य विषुववृत्त ओलांडतो. तेवढा वेळ माझ्याकडे बसायला या. साली कशाला हव्या होत्या तेंहि कळेल."

तेव्हां आम्हांला प्रथम समजलें कीं, आमच्या शेजारीणबाई 'पेगन' आहेत.

हा शब्द आमच्या वाचकांना अगदींच अनोळखी नसेल. मूळ लॅटिन अर्थ खेडवळ. पुढें ख्रिस्ती लोकांनीं तो आपल्या धर्मांत न आलेल्यांना हिणविण्यासाठीं वापरला, आणि मिशनऱ्यांच्या तोंडून तो आमच्या पणजोबांच्याहि वांट्याला आला. तोच शब्द आज इंग्लंडांत कांहीं मंडळी आपण होऊन, अभिमानानें लावून घेतात. सन २०२१ च्या शिरगणतींत इंग्लंड व वेल्समध्यें सुमारें ७४,००० लोकांनीं धर्माच्या रकान्यांत तो लिहिला. दोन अयनदिन, दोन संपात आणि त्यांच्या मधले चार असे आठ सण यांतील बरेच जण पाळतात. बऱ्याच जणांना देऊळ नाहीं, उपाध्याय नाहीं. बहुतेक सारें घरच्या टेबलावर किंवा बागेंत चालतें.

आतां जावें कीं न जावें, हा प्रश्न पडला. सौभाग्यवतीचें म्हणणें, ज्या वर्षीं आपला सण करावयाचा नाहीं त्या वर्षीं परक्याच्या सणाला कसें जावें? अखेर पुण्याला आत्यांना फोन केला. घरांतील वडीलधारें माणूस आतां तेवढेंच. आत्यांनीं सर्व ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, "अरे, वर्षभर सण करूं नये हें खरें. पण शेजाऱ्यानें दिवा लावला तर आपण डोळे मिटून घ्यावे, असें कोणत्या शास्त्रांत सांगितलें आहे? जा, आणि रिकाम्या हातानें जाऊं नको."

हातांत काय न्यावें हें कन्येनेंच ठरविलें. "तिकडे बीं पेरतात," असें तिला बाईंनीं सांगितलें होतें. आईनें मागील दिवाळींत मेतकुटाबरोबर पाठविलेली धन्यांची पुरचुंडी फडताळांत तशीच होती. ती तिनें काढली. आम्ही कांहीं बोललों नाहीं.

बाईंची बैठकीची खोली त्या दिवशीं झाडून लख्ख केलेली होती. टेबलावर हिरवें वस्त्र, त्यावर डॅफोडिलचीं पिवळीं फुलें, बाहेरून तोडून आणलेल्या हेझलच्या डहाळ्या, एका वाटींत पाणी, एकींत मीठ, एका मोठ्या वाडग्यांत काळी माती. आणि मधोमध एका टोपलींत तांबूस, तपकिरी, सोनेरी अशीं दहाबारा अंडीं! आमच्याच कांद्याच्या सालींत तीं उकळलेलीं होतीं. कांहींवर पानें बांधून उकळल्यामुळें त्यांचे ठसे फिकट उमटले होते. आमच्या घरांत कधीं अंडें आलेलें नाहीं, आणि येथें आमच्याच कांद्यानें इतकीं अंडीं रंगविलीं गेलीं! सौभाग्यवतीची मुद्रा पाहून बाई हंसून म्हणाल्या, "हीं पाहण्यापुरतीं. तुमच्यासाठीं शहाजिऱ्याचा केक केला आहे, अंडें न घालतां." केक चांगलाच बसला होता, पण ज्यानें आयुष्यभर एका रीतीनें केक केला त्यानें पाहुण्यांसाठीं ती रीत मोडावी, याची चव निराळीच असते.

नऊ वाजावयास अवकाश होता. आम्हां पुणेकरांना अशा वेळीं गप्प बसवत नाहीं. आम्हीं म्हटलें, दिवस व रात्र खरोखर समान होतात ते आजच्या दोनतीन दिवस आधीं. कारण हवेमुळें सूर्याचे किरण वांकतात व तो क्षितिजाखालीं असतांनाच दिसूं लागतो. बाई म्हणाल्या, "ठाऊक आहे. पण मला एवढें घर झाडायलाच तीन दिवस लागतात." मग आम्हीं सणाच्या प्राचीनतेविषयीं विचारलें. आमची अपेक्षा अशी कीं, आतां सहस्रावधि वर्षांची कथा ऐकावयास मिळेल. पण त्यांनीं आमची निराशा केली. बीड नांवाच्या एका ख्रिस्ती साधूनें (मराठवाड्यांतील बीडशीं त्याचा संबंध नाहीं) सन ७२५ मध्यें लिहून ठेविलें आहे कीं, इंग्लंडांतील जुन्या लोकांत एओस्त्र या देवीच्या नांवाचा एक महिना होता. तिची पूजा कशी करीत याविषयीं तो अक्षरहि लिहीत नाहीं. त्यावरून जर्मन पंडित याकोब ग्रिम यानें १८३५ मध्यें 'ओस्टारा' हें नांव तर्कानें बांधलें. आठ सणांचें चक्र इंग्लंडांत जुळलें तें १९५० नंतरच्या दशकांत, आणि ओस्टारा हें नांव या संपाताला लावलें तें एडन केली या अमेरिकन गृहस्थानें १९७४ मध्यें!

"म्हणजे हा सण तुमच्याहूनहि लहान!" आम्ही न राहवून म्हणालों.

"होय," बाई शांतपणें म्हणाल्या, "माझ्या आजीला हा माहीत नव्हता. मी तीस वर्षें रात्रपाळी केली. सकाळीं बाहेर पडतांना हिवाळाभर अंधार असे, आणि मार्चमध्यें एके दिवशीं तोंडावर ऊन येई. तेव्हां कोणाचे तरी आभार मानावेसे वाटत. मला हें कोणीं शिकविलेलें नाहीं. म्हणून आपण हें कां करतों, याचा दर वर्षीं मला पहिल्यापासून विचार करावा लागतो."

या उत्तरावर आमच्याजवळ कांहीं बोलावयास उरलें नाहीं. आमच्या आजोबांच्या कपाटांत लोकमान्यांचा 'ओरायन' होता. वसंतसंपात एके काळीं मृगशीर्षांत होत असे, या आधारावर त्यांनीं वेदांचा काळ ठरविण्याचा यत्न केला. तें पुस्तक निघालें १८९३ सालीं. त्याच सालीं पुण्यांत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाल्याचें मानतात, आणि तोहि त्या दिवशीं नवाच होता. संपात मागें सरकत असल्यामुळें आमच्या पंचांगांतील मेषसंक्रांत आज खऱ्या संपातानंतर तीन आठवड्यांहून अधिक दिवसांनीं येते. भारत सरकारनें १९५७ मध्यें राष्ट्रीय पंचांग सुरू केलें त्यांत चैत्र धरला तो याच संपाताला अनुसरून, २२ मार्चपासून. आणि त्या वर्षीं पाडवाहि नेमका त्याच दिवशीं येत होता. हें सर्व आम्हांला पाठ होतें. पण त्या क्षणासाठीं घड्याळ लावून आम्ही कधीं बसलों नव्हतों. आई दिनदर्शिका पाहून सांगे आणि आम्ही श्रीखंड खात असूं.

नवाला बाईंनीं दिवे मालविले. एक काळी मेणबत्ती तेवत होती. "जें हिवाळ्याबरोबर जाऊं द्यायचें तें मनांत म्हणा," त्या म्हणाल्या. खोलींत घड्याळाचाच आवाज. आम्ही काय म्हटलें तें येथें लिहीत नाहीं. पण पौषापासून जें कोणाजवळ बोलतां आलें नव्हतें तें त्या अंधारांत मनाशीं स्पष्ट बोललों. नऊ चोवीसला बाईंनीं काळीवरून पांढरी मेणबत्ती पेटविली. मग कन्येनें धने पाटावर घेऊन लाटण्यानें हलकेच रगडले, दुभंगले, आणि त्या इंग्रजी मातींत पेरले. सौभाग्यवतीनें डोळ्यांना पदर लावला.

पाडव्याला आमच्या खिडकींत गुढी नव्हती. मातीचा तो वाडगा होता. कोथिंबीर उगवावयास थंडींत तीन आठवडे लागले.

पुढील वर्षीं, २०२४ मध्यें, संपात २० मार्चला पहाटे तीन वाजून सहा मिनिटांनीं होता. एवढ्या अपरात्रीं बाईंनीं आम्हांला बोलावलें नाहीं. त्यांचे चिरंजीव दूर असतात व त्यांना या गोष्टींत रस नाहीं. तरी तीनच्या सुमारास आम्हांला जाग आली. त्यांच्या मागील खिडकींतून उजेडाची एक बारीक पट्टी बागेंत पडलेली दिसली. कन्या आधींच उठून बूट घालीत होती. आम्ही शाली पांघरून तिघेंहि गेलों. दार उघडून बाई क्षणभर पाहातच राहिल्या. मग म्हणाल्या, "अजून चार मिनिटें आहेत. या."

९ एप्रिलला आम्हीं गुढी उभारली. कळकाची काठी त्यांच्याच बागेंतली, वस्त्र आईच्या जुन्या पैठणीचें, कडुनिंबाचीं पानें पुण्याहून आलेलीं, वाळकीं. त्यांतलें एक पान बाईंनीं तोंड वांकडें न करतां चावलें आणि विचारलें, "हें कडू कां खायचें?" आम्ही उत्तर द्यावयास तोंड उघडलें आणि थांबलों. आम्हांला आजवर हा प्रश्न कोणीं विचारला नव्हता, आणि आम्हींहि आईला कधीं विचारला नव्हता.