एक घर, दोन जाहिराती

मागच्या वर्षी अब्बांचं घर विकलं. एजंटशिवाय विकलं, म्हणून बरेच जण विचारतात, "सर, कसं जमवलं? दलाली वाचली असेल की." वाचली. पण सांगायची गोष्ट दलालीपेक्षा वेगळी आहे, म्हणून हे लिहितोय.

घर सोलापुरातल्या एका जुन्या पेठेत. पुढच्या दोन खोल्या दगडी भिंतींच्या, माळवदाच्या. मागची बाजू अब्बांनी १९८६ साली स्लॅब टाकून वाढवली होती. अब्बा २०१९ मध्ये गेले. अम्मीला दोन पायऱ्या चढणंही जड जाऊ लागलं, माझी शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन्ही बहिणी सासरी. घराला कुलूप लागलं, आणि कुलूप लागलेलं माळवद दोन पावसाळ्यांत खचायला लागतं. विकायचं ठरलं.

पहिल्यांदा ओळखीतल्या एका एजंटलाच बोलावलं. माणूस बोलायला गोड. दोन टक्के घेणार म्हणाला आणि तीन सल्ले फुकट देऊन गेला. एक, बहिणींकडून हक्कसोडपत्र लिहून घ्या. सह्या जितक्या कमी, तितकं गिऱ्हाईक निर्धास्त. दोन, आतून रंग मारून घ्या, ओल दिसायला नको. तीन, "गिऱ्हाईक कुठलं आहे ते बघून घराबद्दल काय बोलायचं ते मी ठरवतो. तुम्ही मध्ये पडू नका."

खोटं कशाला बोलू, तिन्ही सल्ले मला त्या दिवशी व्यवहारी वाटले. हक्कसोडपत्राचा विचार तर दोन दिवस डोक्यात होता. त्याच भरात आपाला फोन केला. ती क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, "मेरा मैं छोड देती रे. छोटी का मत छुडा. उसके बच्चे की फीस भरना है."

फोन ठेवल्यावर स्वतःचीच लाज वाटली. नववीच्या वर्गात समानतेवरचे निबंध तपासणारा मी! आपल्याकडे विरासतीचा हिशोब काही गुपित नाही. अम्मीचा आठवा हिस्सा, उरलेल्याचे आम्हा तिघांत चार वाटे: मला दोन, बहिणींना एकेक. मुलीला मुलाच्या निम्मं मिळतं यावर वाद घालणारे आपल्यात पुष्कळ आहेत. पण ते निम्मंही प्रत्यक्ष तिच्या हातात पडतं का, हे विचारणारे कमी. ईदला साडी आणि माहेरपणाचं जेवण एवढ्यावर किती बहिणींच्या सह्या घेतल्या गेल्या आहेत, ते ज्याने त्याने आपल्या घरात आठवून पाहावं.

एजंटला नाही म्हटलं आणि कामाला लागलो. आधी कागद. नगर भूमापन कार्यालयात अर्ज देऊन मिळकत पत्रिकेवर आम्हा चौघांची वारस म्हणून नोंद करून घेतली. या कामाला काही महिने गेले. अब्बांचं मूळ खरेदीखत, मृत्यूचा दाखला, घरपट्टी आणि पाणीपट्टीच्या पावत्या, विजेचं बिल अशी एक फाईल केली. एका वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घेतला. त्यासाठी फी मोजावी लागली, पण घरावर कुणाचा बोजा नाही हे मी तोंडाने सांगण्यापेक्षा तो कागद पुढे ठेवणं बरं.

मग किंमत. गल्लीत विचारलं तर प्रत्येकाचा आकडा वेगळा. सरकारी वार्षिक बाजारमूल्य दर पाहिला. तो बाजारात मिळणारा भाव नव्हे. खरेदीची रक्कम त्याहून कमी दाखवली तरी मुद्रांक शुल्क त्याच मूल्यावर भरावं लागतं, एवढाच त्याचा अर्थ. खरा भाव कळला तो पेठेत अलीकडे झालेल्या दोन विक्रींच्या सूची क्रमांक दोनच्या उताऱ्यांवरून. बत्तीस लाख सांगायचे ठरले.

जाहिरात लावण्याआधी शेजारच्या चाचांकडे गेलो. त्यांची आणि आमची भिंत एक. फिकहमध्ये शुफा नावाचा हक्क आहे: मिळकत विकली जात असेल तर भागीदाराचा, आणि हनफी मतानुसार लगतच्या शेजाऱ्याचाही, ती घेण्याचा हक्क आधी. अब्बा हे नेहमी सांगायचे. चाचा म्हणाले, "लेना नै मेरे कू. लेकिन पहले आके पूछा, अच्छा किया." पुढे हा प्रसंग उपयोगी पडला.

आता जाहिरात. भाषा शिकवणाऱ्या माणसाला चार ओळी लिहायला काय लागतं? दोन लिहिल्या. एक उर्दूत, मशिदीबाहेरच्या फलकासाठी आणि जमातीच्या व्हॉट्सॲप ग्रुपसाठी. दुसरी मराठीत, किराणा दुकानं, झेरॉक्सवाला आणि शिक्षकांच्या ग्रुपसाठी. रात्री दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवून शुद्धलेखन तपासायला बसलो आणि थबकलो.

उर्दूतलं घर मशिदीपासून तीस पावलांवर होतं, शरीफ मोहल्ल्यात होतं. मराठीतलं घर बाजारपेठेजवळ होतं, बसस्टँडपासून दहा मिनिटांवर होतं. मराठीत मशीद नव्हती. मोहल्ला नव्हता. इतकंच काय, माझं नावही नव्हतं. संपर्कासाठी फक्त 'शिक्षक' आणि मोबाईल नंबर. एक गोष्ट मात्र दोन्ही कागदांत सारखी होती: माळवद आणि स्लॅबच्या सांध्यातून पावसाळ्यात पाणी गळतं, हे दोन्हीकडे नव्हतं.

वर्गात अनुवाद करताना एखाद्या पोराने अवघड वाक्य गाळलं तर मी गुण कापतो. इथे मी स्वतः गाळत होतो. एजंटला दोन टक्के द्यायला नको म्हणालो, पण त्याचं काम मीच करत होतो. कुणासमोर काय बोलायचं, ते गिऱ्हाईक बघून ठरवत होतो.

ओल्या धान्याची ती गोष्ट आपण सगळ्यांनी मदरशात ऐकलेली आहे. बाजारातल्या ढिगात हात घातला तर आत ओल लागली, तेव्हा ओलं धान्य वर का ठेवलं नाहीस, असं रसूलुल्लाहांनी त्या व्यापाऱ्याला विचारलं. वकिलांनी आणखी एक गोष्ट सांगितली. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातही विक्रेत्यावर हेच बंधन आहे: घेणाऱ्याला नेहमीची काळजी घेऊनही कळणार नाही असा महत्त्वाचा दोष माहीत असेल तर तो सांगितला पाहिजे. म्हणजे ऐब झाकायला दीनही परवानगी देत नाही आणि कायदाही नाही. रंगाचा डबा तेवढा देतो.

दोन्ही कागद फाडले. एकच मजकूर लिहिला, वर मराठी, खाली उर्दू, ओळीला ओळ. माझं पूर्ण नाव. मशीद जवळ. बाजार जवळ. पाण्याचा मोठा हौद आहे; सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा हौदाची किंमत इथल्या माणसाला कळते. आणि शेवटची ओळ: 'पुढच्या खोलीत पावसाळ्यात गळतं, दुरुस्ती लागेल.' पत्नी म्हणाली, ही ओळ वाचून कोण येणार?

फोन आले. काहींनी नाव ऐकून "बघतो, कळवतो" म्हटलं. वाईट वाटलं. पण अशांना मराठी जाहिरातीने घरापर्यंत आणलं असतं तर ते उंबऱ्यावरून परतले असते, आणि ते जास्त लागलं असतं. आपल्यातलेही फोन आले: "सर, बाहेरच्यांना देऊ नका, मोहल्ल्यातच राहू द्या." त्यांना विचारलं, "तुम्ही घेता का?" घेणार कुणीच नव्हतं. दोघांनी निम्मी रक्कम रोख देतो असं सुचवलं. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही. आणि रोखीतला हिस्सा बहिणींना कसा दाखवणार होतो?

जुलैत, भर पावसात, एक पद्मशाली जोडपं आलं. तो यंत्रमागावर, ती शाळेचे गणवेश शिवते, चार शिलाई मशीन ठेवायला जागा हवी होती. दारातच ती म्हणाली, "गळतं कुठं ते आधी दाखवा." दाखवलं. खाली बादली ठेवलेलीच होती. दुसऱ्या दिवशी ते गवंडी घेऊन आले, त्याच्याकडून खर्चाचा अंदाज काढला आणि तेवढी रक्कम भावातून वजा करा म्हणाले. घासाघीस झाली, चहा झाला, सौदा अठ्ठावीस लाख ऐंशी हजारांवर ठरला. मशिदीचा विषय मीच काढला. ती म्हणाली, "आत्ताच्या घरीबी अजान ऐकू येतीच की."

घर तिच्या एकटीच्या नावावर झालं, त्यामुळे मुद्रांक शुल्कात त्यांना एक टक्क्याची सवलत मिळाली. मोहल्ल्यात थोडी कुजबुज झाली. चाचांनीच ती थांबवली: "पहले मेरे कू पूछा था उसने. मैं नै बोला." नोंदणीच्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात व्हीलचेअरवर अम्मी, दोन्ही बहिणी आणि मी, चौघांनी अंगठे दिले. दोन साक्षीदारांपैकी एक चाचा होते.

हिशोब असा झाला. अम्मीला तीन लाख साठ हजार. आपाला आणि छोटीला प्रत्येकी सहा लाख तीस हजार. मला बारा लाख साठ हजार. सगळे ज्याच्या त्याच्या खात्यात. दलालीचे सत्तावन्न हजार सहाशे वाचले हे खरं, पण गळती सांगितल्यामुळे भावात त्याहून जास्त गेले असतील. हेही खरं.

तुम्हालाही कधी घर विकायचं असेल तर एजंट घ्या किंवा घेऊ नका, तो तुमचा प्रश्न. सगळे एजंट तसे नसतात. एवढंच करा: जाहिरात लिहून झाली की ती सगळ्यांना तीच वाचायला द्या. आणि सही घ्यायच्या आधी बहिणीला फोन करा.

नवीन मालकिणीने दिवाळीआधी माळवद उतरवून पत्रे टाकले. परवा चाचांकडे गेलो होतो, तेव्हा आतून मशीनचा आवाज येत होता. दार उघडं होतं. मी आत गेलो नाही.