दक्षिणेचा दिवा

आमच्या घरी दिव्याचं तोंड दक्षिणेला कधी होत नसे. ती यमाची दिशा. अपवाद धनत्रयोदशीच्या संध्याकाळचा. त्या दिवशी आई कणकेत हळद घालून घट्ट मळायची, बोटांनी दाबून दिवा करायची आणि तेलवात घालून उंबऱ्याबाहेर मुद्दाम दक्षिणेकडे तोंड करून ठेवायची. घरात कुणाला अपमृत्यू येऊ नये, एवढंच मागणं.

दिवाळी म्हणजे लक्ष्मी, असं शाळेच्या निबंधांत लिहीत मोठी झाले. पुढे पंचांग वाचायची सवय लागली आणि यम सगळीकडे दिसू लागला. त्रयोदशीला त्याचा दिवा, चतुर्दशीला अभ्यंगानंतर त्याची 14 नावं घेऊन तर्पण, आणि भाऊबीज तर यमद्वितीयाच. त्या दिवशी तो यमुनेकडे, बहिणीच्या घरी जेवायला जातो. बंगाली घरांत चतुर्दशीच्या रात्री 14 पिढ्यांच्या पूर्वजांसाठी 14 दिवे लागतात. मधल्या अमावास्येचं उल्कादान मला सगळ्यांत जवळचं वाटतं. महालयात घरी आलेले पितर आता परत निघाले, त्यांना वाट दिसावी म्हणून पेटते पलिते दाखवायचे. म्हणजे सर्वपित्रीला खीर-वड्यांचं पान कावळ्याला ठेवलं, तरी पाहुणे गेलेले नसतात. घट बसतात, सोनं लुटलं जातं, कोजागरीचं दूध आटतं, आणि ते इथेच असतात. शरदातला हा महिना-दीड महिना आपल्या लोकांनी जिवंत आणि गेलेले यांना एकाच घरात नांदवलं, हे मला फार मोठं वाटतं. धनत्रयोदशी नुसती सराफाच्या दुकानात संपते, तेव्हा म्हणूनच वाईट वाटतं.

वडील गेले त्या वर्षी आमच्याकडे दिवाळी नव्हती. फराळाचे डबे शेजारून आले, आकाशकंदील माळ्यावरच राहिला. आईने कणकेचा दिवा मात्र केला. मी तिच्याकडे नुसती बघत राहिले. ‘‘तुम्ही पोरं आहात ना अजून,’’ ती म्हणाली. तो दिवा गेलेल्यांसाठी नव्हताच कधी. तो राहिलेल्यांसाठी होता.

आता आई नाही. लेक न्यू जर्सीत असते. परवा त्रयोदशीला तिने फोनवर दिव्याची कणीक किती घट्ट हवी ते विचारलं, मोबाईलवर दक्षिण शोधली. मग म्हणाली, ‘‘आजीसाठी इथेच दुसरा लावू का?’’

म्हटलं, नको. आज तुझ्या घरातल्यांपुरता लाव. आजीचा अमावास्येला.