चुलीशी माझा छत्तीसचा आकडा

बायांनो, आधीच सांगून टाकते म्हणजे पुढे गैरसमज नको. मला स्वयंपाक येत नाही. लग्नाला चाळीस वर्षे उलटली, लेकरे मोठी झाली, नातवंडे अंगणात खेळताहेत, तरी माझी भाकरी आजही तव्यावर पडली की तिची शकले होतात. रात्री दोनला पाण्याची पाळी असू द्या, मी दारे धरते. इंजिन बंद पडू द्या, चालू करते. गाय अडली तर गावातली माणसे अजून मला हाक मारतात. पण पाहुणे आले म्हटले की माझ्या पोटात गोळा येतो. आणि माझे जेवण झाल्यावर पाहुण्यांच्याही येतो.

तुम्ही म्हणाल, शेतकऱ्याच्या घरची बाई आणि स्वयंपाक येत नाही? आईने काय शिकवले?

आईचा दोष नाही. आमचे माहेर माणदेशातले. पोरीला भाकरी थापायला शिकवायचे वय दहा-बारा वर्षांचे. मी बारा वर्षांची झाले ती १९७२ साली, आणि ते साल कसले होते हे तुमच्या घरातल्या थोरांना विचारा. घरात पीठच नव्हते, मग थापायचे काय? आई आणि मी दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होतो. तिथे सुकडी मिळायची. रेशनला परदेशातून आलेला तांबडा मिलो मिळायचा, तो आई एवढा जपून वापरायची की माझ्या हातात पिठाचा गोळा शिकण्यासाठी देणे तिला परवडणारे नव्हते. बिघडला तर? एक भाकरी बिघडली म्हणजे एक माणूस उपाशी. म्हणून मी हातोडा शिकले, भाकरी राहिली. पुढे पाऊस झाला, रान हिरवे झाले, पण तोवर मला रानाची सवय लागली होती आणि चुलीपुढे धाकटी बहीण बसायला लागली होती.

१९७९ साली लग्न होऊन सासरी आले. हे मुंबईला गिरणीत. घरी मामंजी, आत्याबाई, चार एकर रान आणि एक बैलजोडी. आत्याबाईंना दमा होता. चुलीचा धूर लागला की रात्रभर बसून काढावी लागायची. त्यामुळे सून आली म्हणून सगळ्यात जास्त आनंद त्यांनाच झाला होता. तो दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकला.

सकाळी त्यांनी परातीत ज्वारीचे पीठ काढून दिले आणि स्वतः उंबऱ्यात बसल्या, धुरापासून लांब. मी गार पाण्यात पीठ मळले. थापायला गेले तर कडा फाटल्या. कशीबशी उचलली, तर निम्मी हातात आणि निम्मी परातीत. तव्यावर जुळवाजुळव केली. आत्याबाईंनी मान लांब करून पाहिले आणि म्हणाल्या, "सूनबाई, ही भाकरी हाय का तलाठ्याचा नकाशा?"

आता मला कळते की चूक कुठे होती. गव्हाच्या कणकेत असतो तसला चिकटा ज्वारीत नसतो. तिला कढत पाणी लागते, आधणाचे. कढत पाण्याने पीठ धरते. शिवाय ते पीठ दळून बरेच दिवस झाले होते, त्याची विरी गेली होती. भाकरी तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, आणि ते पाणी पुरते सुकायच्या आत उलटायची, नाही तर तडे जातात. हे सगळे मला तोंडपाठ आहे. विचाराल तेव्हा सांगेन. फक्त हाताला सांगता येत नाही.

पण खरी शोभा झाली ती बेंदराला. तुमच्याकडे पोळा म्हणत असतील. ते १९८० साल. आदल्या दिवशी मामंजींनी बैलांची खांदमळणी केली, शिंगे रंगवली. पुरणपोळीचा नैवेद्य मी करायचा होता. पाऊस लागलेला, सरपण ओले, चूल काही धरेना. म्हणून मी स्टोव्ह काढला. त्यात रॉकेल भरले, पिन मारली, पंप मारला आणि त्याच हातांनी कणीक मळली. हात धुतले होते हो! पण नुसत्या पाण्याने. रॉकेलचा वास पाण्याला दाद देतो का?

पुरण पातळ झाले होते ते वेगळेच. पोळ्या फुटल्या, त्यातल्या त्यात बऱ्या दिसणाऱ्या दोन निवडून ताटात ठेवल्या. दारात बैल आणले. वाड्यातल्या सगळ्या बाया जमल्या. मी ओवाळले, सर्जाच्या तोंडापुढे पोळी धरली. सर्जाने हुंगले. नाकपुड्या फुगवल्या. मग एक मोठा फुरका मारून त्याने मान फिरवली ती थेट शेजाऱ्यांच्या दाराकडे, जिथून चांगल्या पुरणाचा वास येत होता.

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरे असे झाले. तेव्हा मामंजी पुढे आले, ती पोळी माझ्या हातून घेतली, ओसरीवर बसले आणि सगळ्यांदेखत खाल्ली. दुसरीही मागून घेतली. "बैलाला काय कळतंय," म्हणाले. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांनी विडी मात्र पेटवली नाही. आत्याबाईंनी विचारले तर म्हणाले, "भडका उडंल."

लोणच्याला बुरशी आणणे, चवळी न भिजवता शिजायला टाकणे, साखरेच्या पाकाचा दगड करणे हे तुमच्यापैकी कुणाच्या तरी हातून कधी ना कधी झालेच असेल, त्यामुळे ते सांगत बसत नाही.

१९८२ साली मुंबईच्या गिरण्यांचा संप झाला. ह्यांनी वर्षभर वाट पाहिली आणि मग वळकटी घेऊन घरी आले. पगार थांबला तसे आम्ही कर्ज काढून एक संकरित गाय घेतली, मग दुसरी. पहाटे चारला धारा, सहाला दूध डेअरीत, मग वैरण, मग रान, संध्याकाळी पुन्हा धारा. मुलगी १९८१ची, मुलगा त्यानंतर तीन वर्षांनी. त्या धबडग्यात चुलीकडे लक्ष ते काय राहणार?

आमटीची गोष्ट त्याच दिवसांतली, १९८६ची. चुलीवर जर्मनच्या पातेल्यात तुरीची डाळ ठेवली होती आणि गोठ्यातून गाय ओरडली. जाऊन पाहते तर वासराचे पाय बाहेर आलेले, पण खुरांचे तळवे आभाळाकडे. हे ध्यानात ठेवा, तळवे वर दिसले तर बहुधा ते मागचे पाय असतात. वासरू पायाळू. कंबर बाहेर आल्यावर मग वेळ दवडून चालत नाही, कारण नाळ आत दाबली जाते आणि डोके अजून आतच असते. माणूस डॉक्टरांकडे धाडला, पण ते येईपर्यंत थांबण्यासारखे नव्हते. मी आणि ह्यांनी धरले, गायीच्या कळेबरोबर ओढत गेलो आणि कालवड बाहेर आली. निपचित. नाकातोंडातला चिकटा काढला, गवताच्या पेंढीने अंग चोळ चोळ चोळले. शेवटी तिने एक शिंक दिली. मी तिथेच शेणात बसले.

आणि मग वास आला.

डाळीचा कोळसा झाला होता. पातेल्याच्या बुडाला रुपयाएवढे भोक. आत्याबाई खोकत खोकत अंगणात येऊन बसल्या होत्या. मुलीने विचारले, "आई, आज आमटी नाही?" ह्यांनी ओल्या कालवडीकडे बोट दाखवले, "ही काय आमटी." तेच नाव पडले. पातेल्यात आत्याबाईंनी तुळस लावली. म्हणाल्या, भोक आपसूक पडलंय, पाणी साचायची भीती नाही.

त्याच आठवड्यात चहाचाही एक घोटाळा झाला. आमटीला पहिल्या तासाभरातच चीक पाजला होता, तिचे पोट भरून उरलेला खरवसासाठी तांब्यात ठेवला होता. पाहुणे आले आणि मी घाईत तोच तांब्या चहात रिता केला. चीक तापला की थिजतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पाहुण्यांनी कपात पाहिले आणि मला चमचा मागितला.

इतके दिवस हे सगळे हसण्यावारी चालले होते. मीही हसत होते. मग १९९० साल आले. मुलगी चौथीत होती. एक दिवस तिची पाटी घरी राहिली म्हणून मी रानातून जाता जाता शाळेत द्यायला गेले. मधली सुट्टी होती. पोरी लिंबाखाली गोल करून बसल्या होत्या, डबे मध्ये ठेवून. माझी पोर त्यांच्यात नव्हती. शोधले तर शाळेच्या मागच्या भिंतीशी, सगळ्यांकडे पाठ करून एकटी बसलेली. डब्याचे झाकण अर्धे लावून, आत हात घालून भाकरीचे तुकडे तोंडात टाकत होती. कुणाला दिसू नयेत म्हणून.

मला पाहून दचकली. मी विचारले, "इथं का बसलीस गं?"

म्हणाली, "पोरी हसतात." आणि लगेच, मला वाईट वाटू नये म्हणून घाईघाईने म्हणाली, "पण मी सगळं खाते आई. टाकत नाही."

बायांनो, मी सुकडीच्या रांगेत उभी राहिलेली बाई. माझ्या पोरीने टाकत नाही म्हणून सांगावे, याचा मला आनंद व्हायला हवा होता. मी पाटी दिली आणि रानात गेले. खुरपे हातात होते, पण दुपारपर्यंत एक ओळ पुरी झाली नाही.

संध्याकाळी मी चुलत जावेच्या दारात गेले. तिचा हात म्हणजे काय सांगावे! भाकरी पुनवेच्या चंद्रासारखी, फुगली की घागर. पण तिला एकदा म्हशीने लाथ मारून पाडले होते, तेव्हापासून ती जनावराच्या जवळ जायला थरथरायची. तिची म्हैस तिचे मालक पिळायचे, आणि ते कामाला बाहेरगावी गेले की रोज कुणाची तरी मनधरणी करावी लागायची. मी म्हटले, "तुझ्या म्हशीच्या दोन्ही वेळच्या धारा मी काढते, वैरणपाणी बघते. तू माझ्या घरच्या भाकरी थापशील का? पीठ माझं, सरपण माझं."

ती म्हणाली, "म्हणजे सावड?"

"सावडच."

तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "औताची सावड चालते, मग तव्याची का नाही?"

घरी मात्र वादळ उठले. आत्याबाई म्हणाल्या, "चुलीची सावड कुणी ऐकलीया का? लोक काय म्हणतील, हिच्या घरची चूल दुसरी बाई पेटवती?" तीन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. जावेच्या हातची भाकरी त्यांच्या ताटात वाढली, ती त्यांनी खाल्ली, पण माझ्याकडे न बघता. चौथ्या दिवशी जाऊ आली तेव्हा त्या उंबऱ्यातून तिला म्हणाल्या, "माझी जरा पातळ थाप गं. दात राहिलं न्हाईत." मी गोठ्यात होते, मला ऐकू आले. मी आमटीच्या पाठीवर थाप मारली.

ती सावड नऊ वर्षे चालली. बाकीचे कालवण मी करत राहिले, आणि ते जसे व्हायचे तसे होत राहिले. पण मुलीच्या डब्यात भाकरी अख्खी जायची. पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम वाट वाकडी करून शाळेवरून गेले, तेव्हा ती लिंबाखाली होती.

आता जाऊ नाही, आत्याबाई आणि मामंजीही नाहीत. घरात गॅस आहे, सून सुगरण आहे. बैल कधीच विकले, नांगरट ट्रॅक्टरने होते. पण गोठ्यात चार गायी आहेत आणि त्यातली एक आमटीच्या वंशातली. परवाच्या बेंदराला सून माहेरी गेली होती. लेक फोनवर म्हणाली, "आई, विकतच्या पोळ्या आण." मी आणल्या नाहीत. साबणाने तीनदा हात धुतले आणि कणीक मळायला घेतली. पुरण पातळ झाले. पाच पोळ्यांतली एकच अख्खी निघाली. ती ताटात घेऊन गोठ्यात गेले, गायीपुढे धरली आणि अंगणात कुणी आहे का ते बघून घेतले.

तिने हुंगले. बराच वेळ हुंगले. मग जीभ काढून पोळी ओढून घेतली.

मी फुटलेल्या चार आणायला आत गेले.