खालून वर जाणारा आवाज

बँकेत आवाजाचे दोनच प्रकार असतात. वरून खाली येतो तो सर्क्युलर. तो भिंती भेदून येतो. खालून वर जातो तो अर्ज. तो वाटेत एखाद्या फायलीत विसावा घेतो आणि मग तिथेच संसार थाटतो. हा नियम बिनतारी यंत्रांनाही लागू आहे, हे मला आमच्या वॉकी-टॉकीने शिकवले.

आमच्या इमारतीला वर सात मजले, खाली दोन तळघरे. लॉकर सर्वांत खाली. तिथे रात्रीच्या पहाऱ्याला मामा. पावसाळ्यातल्या एका रात्री भिंतीतून पाणी झिरपू लागले. मामांनी सेटचे बटण दाबून सातव्या मजल्यावरच्या कंट्रोल रूमला वर्दी दिली. वर नुसती खरखर! "तळघर, रिपोर्ट द्या!" हे मामांना खणखणीत ऐकू आले. "पाणी शिरतंय साहेब!" वर पुन्हा खरखर. "झोपलात की काय?" हेही मामांना स्वच्छ ऐकू आले. शेवटी दुखरे गुडघे घेऊन मामा सगळे जिने चढून गेले. लॉकर वाचले. सकाळी मामांना मेमो मिळाला : कामावर असताना झोपल्याबद्दल.

पुढे इंजिनियर आले आणि म्हणाले, "दोष मामांचा नाही, वॉटचा आहे." गच्चीवरचे यंत्र 40 वॉटचे, मामांच्या हातातला सेट 4 वॉटचा. त्याचा अँटेना वीतभर, आणि मध्ये सिमेंट-सळ्यांचे थरावर थर. वरचा आवाज धापा टाकत का होईना खाली पोचतो. खालचा दहापट दुबळा आवाज वाटेतच बसकण मारतो. मी मनात ताळेबंद मांडला. जमा बाजू भरलेली, नावे बाजू कोरी. असला ताळेबंद कुठला ऑडिटर पास करील?

साहेबांनी लगेच तोडगा काढला, "गच्चीवरच्या यंत्राची ताकद वाढवा." इंजिनियर शांतपणे म्हणाले, "साहेब, तोंड मोठं केल्याने ऐकू जास्त येत नाही. कान वाढवा."

हे कान म्हणजे ठिकठिकाणी बसवायचे रिसीव्हर. एक तळघरात, एक जिन्यात, एक मधल्या मजल्यावर. मामांच्या आवाजाने आता फक्त जवळच्या कानापर्यंत जायचे. पुढचा प्रवास तारेवरून. हे कान नुसते ऐकतात, उलट बोलत नाहीत. असा कर्मचारी बँकेत दुर्मिळच!

सगळ्या तारा कंट्रोल रूममधल्या एका पेटीत येतात. ज्या तारेवरचा आवाज सर्वांत कमी खरखरीचा, तोच ती पेटी क्षणोक्षणी निवडते. याला व्होटिंग म्हणतात. ज्या कानाला काहीच ऐकू येत नाही, तो तारेवरून एक बारीक सूर धरून ठेवतो : "मी जागा आहे, पण काम नाही." हा सूर आमच्या खात्यातही अधूनमधून ऐकू येतो.

पण निवडणूक म्हटली की भानगड आलीच. खरखर असते वरच्या पट्टीत. एखादी तार वरच्या पट्टीचा आवाजच गिळत असेल, तर तिच्यात खरखर कमी ऐकू येते आणि पेटीला वाटते, हाच उमेदवार निष्कलंक! म्हणून आधी सगळ्या तारा मोजून एका पातळीवर आणाव्या लागतात. इंजिनियरांचे दोन दिवस त्यातच गेले. बाकीच्या निवडणुकांत ही सोय नसते.

चाचणीची वेळ आली. साहेब, इंजिनियर आणि (बिलाचा कागद घेऊन) मी, असे तिघे पेटीभोवती उभे राहिलो. साहेबांनी विचारले, "तळघर, ऐकू येतंय का?"

"मला कायमच येत होतं साहेब," मामांचा आवाज शेजारच्या टेबलावरून यावा तसा आला. "तुम्हाला येतंय ना?"

"अगदी स्पष्ट!"

"मग तेवढा मेमो मागे घ्या."

पेटीने तो आवाज पहिल्याच फेरीत निवडला. साहेबांना मात्र आठवडा लागला.