पंचतारांकित गावचा तंबू

दोस्तांनो, 'पंचतारांकित' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? चकचकीत हॉटेल, पोहण्याचा तलाव, गुबगुबीत गाद्या, होय ना? पण आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात 'फाइव्ह स्टारला चाललोय' असं म्हणत सकाळी सहाला डबा घेऊन निघणारे हजारो लोक आहेत. ते सगळे जातात कामावर! कारण आमचं फाइव्ह स्टार म्हणजे कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसी. रस्ते, पाणी, वीज अशा सगळ्या सोयी असलेली औद्योगिक वसाहत म्हणून ती पंचतारांकित.

दिवाळीच्या सुट्टीत मी एसटीने कागलला गेलो. पुणे-बंगळूर महामार्गावरचं हे गाव. पलीकडे दूधगंगा नदी आणि थोडं पुढे गेलं की कर्नाटक सुरू. राजर्षी शाहू महाराज मूळचे इथल्याच घाटगे घराण्यातले. माझा थोरला भाऊ वसाहतीतल्या एका फाउंड्रीत कामाला आहे. फाउंड्री म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचं आणि गाड्यांचे भाग तयार करायचे. दुसऱ्या दिवशी पुतण्या मला सायकलवरून वसाहत दाखवायला घेऊन गेला. रुंद रस्ते, कापडाचे कारखाने, मशीन शॉप, मालाने भरलेले ट्रक आणि चहाच्या टपऱ्यांवर शिफ्ट सुटलेली माणसं. दादाही तिथेच भेटला. कपाळावर काळी धूळ, डोळे झोपेने जड.

घरी आलो तर पोरांनी मोबाईलवरची जाहिरात पुढे केली. पवना धरणाच्या काठावर रंगीत तंबू, शेकोटी, गिटार! "काका, बाबांना सांगा ना! वर्गातली दोन-तीन मुलं जाऊन आली."

दादा हसला आणि म्हणाला, "कागद-पेन आणा. आधी हिशेब करू."

मग आम्ही सगळे जमिनीवर बसलो. तंबूचं भाडं जेवण-नाश्त्यासकट माणशी 1500 रुपये आणि धाकटीला अर्धं. म्हणजे चौघांचे 5250. जाऊन-येऊन अंदाजे 600 किलोमीटर. मित्राची गाडी लिटरला 15 किलोमीटर जाते, म्हणजे 40 लिटर पेट्रोल. लिटरला 105 धरले तरी 4200. पुण्यापर्यंतच किणी, तासवडे, आनेवाडी आणि खेड शिवापूर असे चार टोलनाके. येता-जाता आठ वेळा टोल, म्हणजे सुमारे 800. वाटेतलं खाणंपिणं 1500. बेरीज केली धाकटीनं : 11,750!

"तंबूत झोपायला एवढे?" वहिनी म्हणाल्या.

प्रश्न खराच आहे. तंबू म्हणजे स्वस्त, असं आपल्याला वाटतं. पण उन्हापावसात तंबूचं कापड वर्षा-दोन वर्षांत विरतं. पाण्याकाठच्या जमिनीचे भाव वाढतात. स्वयंपाकी, राखणदार यांना पगार द्यावा लागतो. शनिवार-रविवारी सगळेच धावतात, म्हणून त्या दिवशी दर आणखी चढतो. मे 2021 मध्ये मुंबईत पेट्रोल लिटरला शंभरी ओलांडून गेलं. त्यात कर. दिवसाला हजाराच्या आतलं भाडं असेल, तर हॉटेल असो की तंबूचा तळ, जीएसटी नव्हता. 18 जुलै 2022 पासून त्यावर 12 टक्के लागू झाला. 22 सप्टेंबर 2025 पासून तो 5 टक्के झाला आहे. म्हणजे 900 रुपयांच्या तंबूवर आधी काही नाही, मग 108 रुपये आणि आता 45. एकेक रक्कम छोटी दिसते, पण थेंबे थेंबे तळे साचतं, ते असं!

टोलचा वार्षिक पासही आहे. 15 ऑगस्ट 2025 ला तो सुरू झाला, तेव्हा खासगी गाडीला 3000 रुपयांत वर्षभर किंवा 200 फेऱ्या, यातलं जे आधी संपेल ते, असा होता. पण वर्षातून एकदाच फिरायला जाणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

पोरांचे चेहरे पडले. ते बघून दादा म्हणाला, "करतो काहीतरी. साप्ताहिक सुट्टीला कामावर जातो. एका दिवसाचे चौदाशे मिळतील."

पुतण्यानं कागदावर भागाकार मांडला. बराच वेळ तो गप्पच होता. मग हळूच म्हणाला, "म्हणजे बाबा, नऊ सुट्ट्या घालवून दोन दिवसांची सुट्टी?"

कुणीच बोललं नाही. दादाच्या सुट्टीच्या दिवशीच तर पोरांना बाबा भेटतात.

तेवढ्यात आई, म्हणजे पोरांची आजी, चुलीकडून म्हणाली, "तंबूचं काय कौतुक सांगताय रं? आमी मार्गशीर्षात सौंदत्तीच्या यात्रंला जायचो, तवा माळावरच ऱ्हायचो. अख्खी गल्ली एका यष्टीत. तीन दगडांची चूल, वर ताडपत्री!"

"मग तेव्हा फुकट होतं का आजी?"

"फुकट कुठलं! यष्टी थांबवून ठेवली की तिचा खोळंबा आकार भरायला लागायचा. वर्गणी काढायचो. पर पन्नास घरांत वाटला की हलका व्हायचा."

मला आठवण झाली एका इंग्रज शिंप्याची. थॉमस हायरम होल्डिंग त्याचं नाव. लहानपणी, 1853 साली, अमेरिकेत गाड्यांच्या तांड्याबरोबर तो उघड्या माळावर राहिला होता. मोठेपणी, 1901 मध्ये, त्यानं सायकलवरून फिरून तंबूत राहणाऱ्यांची संघटना काढली. 1908 मध्ये या विषयावर पुस्तकही लिहिलं. सायकलवर मावेल एवढंच सामान, हा त्याचा हिशेब!

"काका, आपणही करू या!" धाकटी ओरडली.

दादाच्या पुढच्याच सुट्टीला आम्ही मुलांच्या मामाच्या वस्तीवर गेलो. बाजारातून 700 रुपयांची ताडपत्री घेतली. भंगारवाल्याकडून सळ्यांचे तुकडे विकत घेऊन खुंट्या केल्या. बांबू मामाचे. उसाच्या फडापासून लांब, घरापुढच्या खळ्यावर तंबू उभा राहिला. पहिल्यांदा तो कोसळला, दुसऱ्यांदाही! मग दादानं दोऱ्या ताणून कशा बांधायच्या ते दाखवलं. बाबांना हे येतं, हे पोरांना माहीतच नव्हतं. रात्री चुलीवरची भाकरी, पिठलं आणि खर्डा. सगळा खर्च एसटीच्या तिकिटांसकट दीड हजाराच्या आत.

खोटं कशाला सांगू, तळं नव्हतं. डास चावले. पहाटे ताडपत्रीवरून दव टपकलं, तेव्हा धाकटी रडकुंडीला आली. "पण पवना बघायचंच आहे," असं पुतण्या अजून म्हणतो. बरोबरच आहे. त्यासाठी त्यानं डबा केला आहे. त्यात महिन्याला थोडे पैसे टाकायचे आणि आडवारी, आणखी दोन घरांना घेऊन, एकाच गाडीचा खर्च वाटून जायचं, असं ठरलंय.

रात्री दूर वसाहतीचे दिवे लखलखत होते. तिकडचं आभाळ फिकट दिसत होतं, पण डोक्यावर कृत्तिकांचा पुंजका स्पष्ट होता. धाकटी बोटं मोडत मोजू लागली. "पाच... नाही काका, सहा!"

"मग आपण फाइव्ह स्टारच्याही वर," दादा म्हणाला आणि दोन मिनिटांत घोरायला लागला. सकाळी आठपर्यंत त्याला कुणी उठवलं नाही.

मुलांनो, पुढच्या सुट्टीआधी तुम्हीही आई-बाबांबरोबर असा कागद मांडून बसा. त्यात एक रकाना आणखी वाढवा : या सहलीसाठी घरातल्या कुणाच्या किती सुट्ट्या खर्च होणार?